गोदाकाठ सोसायटीवर चीनचा डोळा

देशाचं परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं, असा पुष्कळांचा समज आहे. असेल बापडं. पण त्या धोरणाची पहिली मळणी रोज सकाळी सहा ते सात ह्या वेळात पडेगाव रस्त्यावरच्या गोदाकाठ सोसायटीच्या फाटकापाशी होते, हे ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय त्यांनाच ठाऊक. दोन सिमेंटचे बाक, एक वाकडा कडुनिंब, आणि बाकांवर बसलेली पाच-सहा निवृत्त डोकी. एवढ्या सामानावर गोदाकाठनं आजवर अमेरिकेला चार वेळा माफ केलंय, रशियाचं तेल घ्यायचं की नाही ते दोनदा फिरवलंय, आणि चीनला तर एकदाही माफ केलेलं नाही.

चीनचं खातं रामकिसनराव औताड्यांकडं होतं. तसं कुणी ते दिलं नव्हतं, त्यांनी ते घेतलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी पैठणला धरणाच्या कचेरीत पाण्याची पातळी वहीत लिहिली. सोसायटी काढली त्याच खात्यातल्या लोकांनी, म्हणून मोठ्या हौसेनं नाव ठेवलं गोदाकाठ. गोदावरी तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब, आणि तिचं पाणी नळाला यायचं ते आठ-दहा दिवसांतून एकदा, रुसलेल्या व्याह्यासारखं, कधी येईल त्याचा नेम नाही. पण रामकिसनराव त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. नळ हा घरगुती प्रश्न. तो बायकोचा, सारजाबाईंचा. त्यांचा प्रश्न सरहद्दीचा.

"चिनी टाचणीसुद्धा घरात नको!" बाकावरून अर्धं उठून, हात उंच करून ते म्हणायचे. "गेल्या दिवाळीत मी दिव्यांच्या माळा फेकल्या. नेलकटर फेकलं. महिनाभर नखं ब्लेडनं काढली, पण नमलो नाय!"

"वा!" शेजारी बसलेले काकासाहेब म्हणायचे. काकासाहेब म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार. लेहच्या थंडीत दोन वर्षं काढलेली, गुडघे तिथंच ठेवून आलेले, बायको गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे. त्यांचं एक 'वा' म्हणजे रामकिसनरावांना शौर्यपदकच.

ह्या मैफलीत एकच खडा. प्राध्यापिका निशा खंदारे. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या, सोसायटीच्या कमिटीवर होत्या, आणि सकाळी फाटकासमोरून चालण्याच्या फेऱ्या मारायच्या. बसायच्या नाहीत. दर फेरीला एक वाक्य टाकायचं आणि पुढं जायचं.

"काका, सरकार चीनला विमानं पुन्हा सुरू करतंय," असं म्हणून त्या गेल्या की रामकिसनराव जे पेटायचे ते त्या परत येईपर्यंत. परतल्यावर दुसरं वाक्य, "कुणाच्या गोटात जायचं नाही म्हणजे सगळ्यांशी बोलत राहायचं, काका." पुन्हा गेल्या. चालत्या माणसाशी वाद घालणं आणि वाहत्या पाण्यावर रेघ ओढणं सारखंच.

आता जे सांगायचं ते जरा हळू सांगायला पाहिजे. टाचणीलाही मज्जाव करणाऱ्या ह्या माणसाची सख्खी नात चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती.

तनुजा. धाकट्या लेकाची पोर. लेक-सून पुण्याला, पण पोर वाढली ती इथंच, सारजाबाईंच्या पदराला धरून. इथं सीट मिळाली नाही, आणि चांगचुन नावाच्या गावी मिळाली. जायच्या दिवशी रिक्षात बॅगा चढत होत्या, तेवढ्यात काकासाहेब जिना उतरून आले आणि म्हणाले, "कुठं चालली आमची पोरगी?" अर्ध्या तासापूर्वीच रामकिसनरावांनी बाकावर चीनची राखरांगोळी केली होती. तोंडातली राख अजून गरम होती. त्यांनी 'चीन' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "रशिया."

जीभ आपली असली तरी चाकरी लाजेची करते. एकदा खोटं बोलून सुटका झाली असती तर बरं होतं, पण खोटं हे दुभतं जनावर, त्याला रोज वैरण लागते. रामकिसनराव रोज उठून मॉस्कोचं हवामान बघायचे. "काय म्हणते पोर?" कुणी विचारलं की, "बर्फ हाय म्हणली," असं सांगायचे आणि मनातल्या मनात देवाची माफी मागायचे. तनुजा फोनवर असली की स्वतः लांब बसायचे, न जाणो तोंडातून काही निसटायचं. घरात ही गोष्ट त्यांना आणि सारजाबाईंना ठाऊक, बाहेर कुणालाच नाही. आणि ती बाहेर पडली तर आपण बाकावर कुठल्या तोंडानं बसायचं, एवढ्या एका भीतीवर त्यांचं सगळं राष्ट्रप्रेम दिवसेंदिवस वाढत चाललं होतं.

तर अशी एक सकाळ. काकासाहेब बाकावर आले ते तोंड बारीक करूनच. म्हणाले, "रामकिसनराव, काल टीव्हीवर चर्चा होती. चिनी कॅमेरे. आपण लावायचे आन त्यांनी तिकडं बसून बघायचं. सरकारनं नियम कडक केलेत म्हणे." मग त्यांनी मान वर केली. फाटकाच्या खांबावर सोसायटीचा कॅमेरा होता. सगळ्यांच्या माना वर गेल्या. कॅमेऱ्याचं तोंड बाकांवरून पुढं रस्त्याकडं. त्या रस्त्यानं छावणीकडं फौजेच्या गाड्या जातात.

"हा कुठला हाय हो?" काकासाहेबांनी विचारलं.

रामकिसनराव सोसायटीचे सचिव. कॅमेरा त्यांच्याच सहीनं आलेला. आणि अडकलेला माणूस मोठ्यानं बोलतो. "कुठला का असंना! आठ दिवसांत त्याला खाली नाय आणला तर नावाचा औताडे नाय!"

निशाताई फेरीवरून आल्या. "काका, आधी पासवर्ड बदला," म्हणाल्या आणि गेल्या. एवढ्या साध्या सल्ल्याकडं कोण बघतो!

कॅमेरे बसवणारा राजकुमार आला. सोसायटीतल्या अर्ध्या घरांचे पंखे, फोन आणि टीव्ही त्याच्या हातातले. फोनवर कॅमेऱ्याचं ॲप उघडून तो बघू लागला. सगळे भोवती. बघता बघता त्याचं बोट थांबलं.

"काका, ये देखो. कॅमेरा रोज बाहेरून कुणीतरी बघायलंय."

"कुठून?"

"चायना लिहून आलंय. रोज सकाळी पावणेसहाला चालू, सव्वासातला बंद. एक दिन खाडा नहीं."

फाटकापाशी चीन! तोही पावणेसहाला, म्हणजे मैफल भरायच्या आधीच जागा धरून! काकासाहेबांनी आपोआप पाठ ताठ केली. रामकिसनरावांच्या अंगावर काटा आला, पण खोटं कशाला बोला, त्या काट्याखाली एक बारीक गुदगुलीही होती. इतकी वर्षं आपण चीनवर बोलतोय, त्याची कुणीतरी दखल घेतली म्हणायची!

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताला जी भाषा लागली होती ती सगळी त्यात ओतली. विषय: शत्रुराष्ट्राकडून सोसायटीच्या फाटकाची टेहळणी होत असलेबाबत. शेवटी लिहिलं, 'तरी सदर इसमाचा कसून शोध घेऊन त्याचेवर कठोरात कठोर कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' काकासाहेबांना वाचून दाखवला. 'कठोरात कठोर'पाशी काकासाहेब "वा" म्हणाले.

अर्ज लिहिणं सोपं, त्याला घर मिळवणं अवघड. ठाण्यातल्या हवालदारांनी तो दोनदा वाचला, कोपऱ्यातल्या पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आजोबा, फाटक आमच्या हद्दीत हाय. पण चीन आमच्या हद्दीत येत नाय."

"मग कुणाच्या येतो?"

"रस्ता छावणीत जातो ना? तिथं विचारा."

छावणीच्या कचेरीतला बाबू म्हणाला, रस्ता आमचा, कॅमेरा तुमचा, आमचा काय संबंध? सायबरवाल्यांनी कॅमेऱ्याची मूळ पावती मागितली. पावती सापडली, तर तिच्यावर कॅमेऱ्याच्या ऐवजी 'इतर साहित्य' लिहिलेलं. 'इतर साहित्य' हेरगिरी कशी करील, असा त्यांचा रास्त सवाल. तीन दिवस रामकिसनराव पायपीट करत होते. राष्ट्रीय सुरक्षेचा एवढा मोठा भार आपल्या एका चपलेच्या जोडावर आहे, ह्या विचारानं त्यांना रिक्षात बसायचीही लाज वाटत होती. शेवटी पुन्हा पहिल्याच हवालदारांनी दया येऊन अर्ज ठेवून घेतला, आणि वर सांगितलं, "पण तोवर कॅमेरा काढायचा नाय बरं का. परिसरातल्या कॅमेऱ्यांच्या यादीत हाय तो. परवानगीशिवाय हलवला तर उलट तुमच्यावरच बालंट."

म्हणजे ठेवला तर देशद्रोह, काढला तर गुन्हा.

मधल्या काळात राजकुमारनं एक नवा कॅमेरा दाखवायला आणला. खोक्यावर तिरंगी पट्टी, 'शंभर टक्के स्वदेशी'. रामकिसनरावांचे डोळे भरून आले. निशाताईंनी फेरी थांबवली, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि आतली हिरवी पट्टी समोर धरली. तिच्यावर चिनी अक्षरं, मुंग्यांची रांग लागावी तशी.

"वरून फेटा आन आतून टोपडं," काकासाहेब खिन्नपणे म्हणाले.

शेवटी तोडगा रामकिसनरावांनीच काढला. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त त्याचे डोळे झाकायचे. घरातून स्वतःची माकडटोपी आणली. राजकुमारची शिडी लावली. "काका, मैं चढता हूँ ना, तुम्ही नक्को," तो म्हणत होता, पण इतिहासात असल्या जागी दुसऱ्याला चढवत नसतात. रामकिसनराव चढले. वरच्या पायरीवर गेल्यावर शिडी जराशी हलली. त्यांनी खांबाला मिठी मारली. शिडी बाजूला गेली. रामकिसनराव खांबावर राहिले, तोंड कॅमेऱ्याला टेकलेलं, धोतराचा सोगा कडुनिंबाच्या फांदीत. तशाही अवस्थेत त्यांनी एका हातानं माकडटोपी कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवलीच. खाली उतरवायला चार माणसं लागली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जो फोटो आला त्याच्याखाली काकासाहेबांनी 'जय हिंद' लिहिलं होतं, तेवढीच लाज राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं आणि गेलं.

सारजाबाई गाढ झोपलेल्या. उठल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचे हौद तुडुंब, आणि त्यांच्या हौदात तळाशी एक कोरडं झुरळ. गेल्या वर्षभरात असं कधी झालं नव्हतं. सोसायटीत पाणी कधी येणार हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे, पण सारजाबाईंची मोटर मात्र पाण्याच्या पहिल्या थेंबाला हजर असायची. बायका म्हणायच्या, सारजाबाईंच्या अंगात येतं.

रामकिसनराव फिरून आले तर सारजाबाई उंबऱ्यात रिकामी कळशी घेऊन उभ्या.

"त्या कॅमेऱ्यावरची टोपी काढा."

"म्हणजे? अगं, देशाच्या..."

"देश ऱ्हावू द्या तिकडं. आता धा दिस पाणी नाय. टोपी काढा म्हणते ना!"

"तुला काय कळतं त्यातलं? चीन बघायलाय तिथून, चीन!"

"व्हय, बघायलाय!" सारजाबाईंनी कळशी दाणकन खाली ठेवली. "मीच सांगितलंय त्याला बघाया. तनू बघती ती!"

रामकिसनराव दारातल्या खुर्चीवर बसले. बसले म्हणजे खुर्ची होती म्हणून बसले, नसती तरी बसलेच असते.

मग सगळं बाहेर आलं. पासवर्ड कमिटीच्या वहीत, वही सचिवाच्या कपाटात, आणि जायच्या आधी तनुजानं त्याचा फोटो काढून घेतलेला. चांगचुनला पोर एकटी. इथं पावणेसहा वाजतात तेव्हा तिथं सव्वाआठ. वसतिगृहाच्या खोलीत नाष्टा करत ती समोर फोन उभा करायची आणि आपलं फाटक बघत बसायची. आणि फाटकाच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला, पाण्याचा व्हॉल. बाकावरच्या डोक्यांचं लक्ष सरहद्दीवर, त्यांना तो कधी दिसलाच नव्हता. लाईनमन सायकलवरून आला, वाकला, लोखंडी किल्ली फिरवायला लागला, की चीनमधून सारजाबाईंना फोन. "आजी, ऊठ. पाणी."

"काल फोन आला तिचा," सारजाबाई म्हणाल्या. "रडायली होती. म्हणली, आज्जे, आजोबांचं तोंड लई जवळ आलं आन एकदम अंधारच झाला."

हौद भरताना सारजाबाई एक ओवी म्हणायच्या. वर्षभर ती रामकिसनरावांच्या कानावरून जात होती, जुनी असेल म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

तनूबाई माझी गऽ, लांब देशाला गेली
पाण्याची वर्दी बाईऽ, तिनं डोळ्यानं दिली

गुप्तहेर खात्याचा सगळा कारभार घरात ओवीतून चालला होता, आणि सचिव ब्लेडनं नखं काढत बसले होते!

पण हसू यायला वेळ नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढं आपलंच वळणदार अक्षर आलं. 'सदर इसमाचा कसून शोध घेऊन.' सदर इसम! तनुजा! कठोरात कठोर कार्यवाही! पोरीच्या पासपोर्टावर काही आलं तर? शिक्षण अर्धवट राहिलं तर? चप्पल नीट पायात न अडकवता ते ठाण्यात पोचले.

"हवालदार साहेब, तो अर्ज मागं घ्यायचाय."

हवालदारांनी डोळे बारीक केले. "का? धमकी आली का?"

"नाय नाय. म्हणजे... चीनचा तसा काय वाईट हेतू नसावा, असं वाटायलंय."

असं वाक्य त्या ठाण्यात आजवर कुणी उच्चारलं नसावं. हवालदारांनी पेन खाली ठेवला. "आजोबा, देशाच्या सुरक्षेचा अर्ज मागं घेता येत नसतो. रविवारी सकाळी मी येतो. ॲपवरचा नंबर काढायला दिलाय. सगळ्यांना जमवून ठेवा."

शनिवारी रामकिसनराव बाकावर गेले नाहीत. आपण काय सांगायचं ह्याच्या त्यांनी मनात सात आवृत्त्या केल्या. एकीत रशियाची सरहद्द चीनला लागून आहे, चुकून पलीकडं गेली असेल, असंही होतं. सातही आवृत्त्या सारजाबाईंना ऐकवल्या. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोरीनं काय चोरी केली का? तुमी तिला लपवली. आता तुमीच काढा भाईर."

रविवारी कडुनिंबाखाली खुर्च्या. हवालदार मधोमध, मांडीवर फाइल. काकासाहेब इस्त्रीच्या शर्टात, छातीवर फौजेचा बिल्ला. हवालदारांनी चष्मा लावला, "तर चीनमधून बघणाऱ्या इसमाचा नंबर असा..." एवढं म्हणतात तोच रामकिसनराव उभे राहिले. सातपैकी एकही आवृत्ती आठवेना.

"तो इसम माझी नात हाय."

"नात?" काकासाहेब म्हणाले. "ती तर रशियात हाय."

"नाय, सुभेदार साहेब. ती चीनलाच हाय. पहिल्यापासून. मी... मला लाज वाटली. बाकावर एवढं बोलत होतो. म्हणून रशिया म्हणलो."

काकासाहेब सावकाश उठले. "मॉस्कोवर ड्रोन पडले म्हणून टीव्हीवर आलं होतं. तुमाला आठवतं? मी तुमाला काय बोललो नाय, तुमचा जीव घाबरा होईल म्हणून. खडकेश्वराच्या देवळात गेलो. सव्वाशे पायऱ्या असत्या तरी गेलो असतो ह्या गुडघ्यावर. तुमच्या पोरीसाठी दिवा लावला." त्यांनी छातीवरचा बिल्ला सारखा केला. "चीनला हाय म्हणला असतात तरी लावला असता."

रामकिसनरावांना वाटलं, ह्यापेक्षा त्या खांबावर लटकलेलं बरं होतं. तिथं निदान माकडटोपी होती तोंडासमोर.

तेवढ्यात निशाताईंनी, ज्या आयुष्यात पहिल्यांदा त्या फाटकापाशी बसल्या होत्या, मऊ आवाजात विचारलं, "पण काकू, ती एवढ्या सकाळी बघते तरी काय?"

सारजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, देवाकडं बघितलं, आणि खरं ते सांगितलं. "व्हॉल."

"कसला व्हॉल?"

"पाण्याचा. लाईनमन आला की फोन करती मला."

आता इथपर्यंत सभा हळवी होती. चीन, रशिया, फौज, दिवा, सगळ्यांचे डोळे पाणावलेले. पण 'व्हॉल' हा शब्द कानावर पडताच पहिल्या मजल्यावरची सायली पदर खोचून उठली. "म्हणजे वर्षभर तुमचा हौद...! आन मी लेकराला कडेवर घेऊन चारला उठून बसायची हो काकू! नळाला कान लावून!"

"आमी टँकर मागवले!"

"अंगात येतं म्हणायचो आपण! ह्यांच्या अंगात चीन येत होता!"

"चीननं बघितलं तर बघू द्या," मागून राजकुमार ओरडला, "पर सिर्फ एक घर को बताया, ये गलत है!"

शत्रुराष्ट्राच्या टेहळणीचा विषय असा पाण्यासारखा वाहून गेला. हवालदारांनी दोनदा शिट्टी फुंकायचा विचार केला असावा. फाइल मिटून ते म्हणाले, "हे बघा, पाण्याचा विषय आमच्या हद्दीत येत नाय. नात आजोबांचं फाटक बघती, ह्यात गुन्हा काय? निकाली काढतो अर्ज." मग जरा पुढं वाकून, आवाज उतरवून म्हणाले, "आजोबा, कॅमेरा थोडा डावीकडं वळतो का? मागची गल्ली आमची. आमचा व्हॉल तिथं कोपऱ्यावर हाय."

तिथल्या तिथं वाटाघाटी सुरू झाल्या. तनुजाला फोन लावला. पडद्यावर तिचा गोल चेहरा, डोक्यावर लोकरीची टोपी, मागं गोठलेली खिडकी. अख्खी सोसायटी त्या एवढ्याशा चौकोनात मावायला धडपडू लागली. निशाताईंनी प्रस्ताव मांडला: पाण्याची वर्दी ह्यापुढं एका घराला नव्हे, सोसायटीच्या गटावर सगळ्यांना मिळावी. नवा पासवर्ड फक्त कमिटीला आणि तनुजाला. टोपी तत्काळ हटवावी.

"मला चालंल," तनुजा म्हणाली. "पण आजोबा कुठायत?"

रामकिसनरावांना पुढं ढकललं.

"आजोबा, मला रशियात का ठेवलं हो तुम्ही?"

रामकिसनरावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"मला आवाज येत नाही ना कॅमेऱ्यात," ती म्हणाली. "रोज सकाळी तुम्ही उठून वर हात करायचा. मला वाटायचं, आजीनं सांगितलं असेल, मला टाटा करताय. मी पण करायची. ब्रेड हातात धरून."

चीनच्या नावानं रोज उगारलेला तो हात रामकिसनरावांनी धोतरात लपवला. म्हणाले, "तुलाच करत होतो." आणि लगेच, सारजाबाईंच्या डोळ्याला डोळा भिडताच, "नाय, बाळा. नव्हतो करत. चीनला शिव्या देत होतो. उद्यापासून तुला करीन."

ती हसली का रडली ते कळलं नाही, तिथली रेंज गेली.

सोसायटी निवळली. आठवडाभरात सायलीनं सारजाबाईंना भरीत पाठवलं, सचिवपद रामकिसनरावांकडंच राहिलं, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. पण काकासाहेब बोलेनात. सकाळी बाकावर यायचे, टोकाला बसायचे. परराष्ट्र धोरण पूर्ण ठप्प. निशाताई फेरीत वाक्य टाकून बघायच्या, "काका, अमेरिकेनं कर वाढवला," तर दोन्ही बाजूंनी नुसती हूं. अमेरिकेची एवढी उपेक्षा कुणी केली नसेल.

नवव्या दिवशी सहाला दहा कमी असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजले. गटावर तनुजा: 'लाईनमन काका आले. उठा सगळे.' जिन्यात दिवे लागले, मोटरी घरघरल्या. रामकिसनरावांनी आपल्या मोटरीचं बटण दाबलं नाही. पाइपाचं वेटोळं खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर काकासाहेबांकडं गेले. त्या घरातलं पाणी नेहमी शेवटी भरलं जायचं, गुडघ्यांमुळं.

दार उघडंच होतं. काकासाहेब त्यांना बघून बाजूला झाले. रामकिसनरावांनी पाइप जोडला, टाकीत सोडला. पाण्याचा आवाज खोलीत भरत गेला. दोघं टाकीजवळ उभे, लग्नात रुसलेल्या दोन व्याह्यांसारखे.

"चांगचुनला थंडी किती?" काकासाहेबांनी विचारलं.

"आत्ताशी सुरुवात हाय. पुढं उणे वीसवर जाती म्हणली."

"लेहपेक्षा कमीच." काकासाहेब आत गेले. परत आले तेव्हा हातात खाकी कागदाचं पुडकं, सुतळीनं घट्ट बांधलेलं, फौजी गाठीचं. "लोकरीचे मोजे. छावणीच्या कँटीनमधून आणले होते दिवाळीला. तुमच्याकडून पत्ता मागायचा ऱ्हाऊन गेला."

पुडक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: कु. तनुजा औताडे, रशिया.

काकासाहेबांनी खिशातला पेन काढून पुढं केला.

"मी नाय खोडणार. ज्यानं पोर तिकडं पाठवली त्यानंच आणायची परत."

टाकीच्या झाकणावर पुडकं ठेवून रामकिसनरावांनी 'रशिया'वर एक रेघ ओढली. खाली, बत्तीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: चांगचुन, चीन.

काकासाहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुडकं उजेडात धरलं, लांबून बघितलं.

"जरा ठळक करा," ते म्हणाले. "पोस्टातल्यांना दिसलं पाहिजे."